एकशेवीस मुले आणि दोन देश

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना विषयाची निवड कार्यवाहांनी आमच्यावरच सोपविली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींपुढे बोलावयाचे म्हणजे संतवाङ्मय अथवा शिवकाल यांपैकी काहीतरी घ्यावे असा प्रघात आहे, आणि तो चांगलाच आहे. तथापि आज आम्ही आपणांस दूरच्या दोन देशांची हकीकत सांगणार आहोत. चीन आणि अमेरिका यांनी गेल्या दीडशे वर्षांत एकमेकांकडे विद्यार्थी पाठविण्याचे जे प्रयोग केले, त्यांची ही हकीकत आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले आज अमेरिकेत शिकत आहेत. ज्यांची तेथे नाहीत, त्यांचीही मुले याच शहरात परभाषेच्या शाळेत वाढत आहेत. मुलाला ज्ञानासाठी परक्यांत धाडावयाचे आणि तो परका होऊन परत येईल या धास्तीने झुरावयाचे, हे दुखणे आपल्या ओळखीचे आहे. एका संपूर्ण राज्याला ते जडले तेव्हा काय घडले, ते पाहण्याजोगे आहे.

या कथेचा आरंभ युंग विंग या एका माणसापासून होतो. मकाव बंदराजवळच्या एका खेड्यातील गरीब घरात १८२८ साली जन्मलेला हा मुलगा मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला आणि १८४७ साली आपल्या शिक्षकाबरोबर अमेरिकेस गेला. १८५४ साली त्याने येल विद्यापीठाची पदवी घेतली. अमेरिकन विद्यापीठाचा तो पहिला चिनी पदवीधर. मायदेशी परतल्यावर त्याच्या मनाने एकच ध्यास घेतला. आपल्याला जे मिळाले ते आपल्या देशातील इतर मुलांना मिळावे, आणि ते मिशनऱ्यांच्या कृपेने नव्हे, सरकारच्या खर्चाने मिळावे. आमच्यासारख्या सरकारी नोकराला यातले विशेष वाटते ते असे की, हा प्रस्ताव मंजूर करून घेण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे वाट पाहिली. अखेर त्सेंग क्वो-फान आणि ली हुंग-चांग या दोन बड्या अधिकाऱ्यांनी शिफारस केली, १८७१ साली मंजुरी मिळाली आणि १८७२ च्या उन्हाळ्यात तीस मुलांची पहिली तुकडी निघाली. ती निघण्यापूर्वीच त्सेंग वारले होते. पुढे दरसाल तीस याप्रमाणे १८७५ पर्यंत एकशेवीस मुले गेली.

ही मुले दहा ते सोळा वर्षांची होती. योजना पंधरा वर्षांची होती. बापाला कागदावर सही करून द्यावी लागे की, परदेशात मुलाला आजार वा मृत्यू आला तर तो त्याच्या नशिबाचा भाग, सरकारकडे दाद मागता येणार नाही. मान्यवर घराण्यांतील मुले मिळेनात. ज्यांना परंपरागत परीक्षा देऊन अधिकारपद मिळण्याची आशा होती त्यांनी या वाटेस जाण्याचे कारणच नव्हते. म्हणून बहुतेक मुले आली ती दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतातून. समुद्र आणि परके लोक यांची सवय तेथे आधीपासून होती.

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड गावी या मंडळाची कचेरी होती. पण मुलांना कचेरीत किंवा वसतिगृहात न ठेवता दोन-दोन, तीन-तीन करून आसपासच्या गावांतील कुटुंबांत ठेवण्यात आले. आमच्या मते या सबंध योजनेतील शहाणपणाची गोष्ट हीच, आणि पुढे तिचा घात जिने केला तीही हीच. घरातील बाई मुलांना इंग्रजी शिकवी, जेवताना काटा-चमचा कसा धरावा ते दाखवी, तापात उशाशी बसे. वेस्ट हेवन येथे नॉर्थ्रप दांपत्याच्या घरी राहिलेला झान त्यन-यो नावाचा मुलगा, हार्टफर्डच्या बार्टलेट कुटुंबात वाढलेला हुआंग काइ-च्या, या मुलांचे आपल्या यजमानांशी जडलेले नाते पुढे समुद्र आडवा आला तरी पत्रांतून टिकून राहिले. येलमध्ये पुढे इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून नावाजलेले विल्यम लायन फेल्प्स हे हार्टफर्डच्या शाळेत या मुलांचे सोबती होते, आणि त्यांनी आपल्या आत्मचरित्रात त्यांच्याविषयी मोठ्या प्रेमाने लिहिले आहे. ही मुले अभ्यासात पुढे, खेळात पुढे. किंबहुना नाचाच्या मेजवानीत मुली गोऱ्या मुलांना सोडून यांच्याबरोबर नाचावयास उत्सुक असत. त्यांनी बेसबॉलचा स्वतःचा संघ काढला.

घरची विद्या मात्र सुटू नये, अशी चिनी सरकारची सक्त ताकीद होती. म्हणून मुलांना पाळीपाळीने हार्टफर्डच्या कचेरीत बोलावून चिनी पंडितांकडून अभिजात ग्रंथ घोकून घेतले जात. बाहेर मोकळ्या मैदानावर सोबती खेळत असावेत आणि आत आपण कन्फ्यूशियसची वचने पाठ करीत बसावे, हे त्या वयाला किती रुचले असेल ते आपल्या रविवारच्या मराठी वर्गाच्या शिक्षकांनी सांगावे.

पुढे पंचाईत झाली ती वेणीवरून आणि देवळावरून. मांचू राजवटीत पुरुषाने मस्तकाचा पुढचा भाग भादरून मागे लांब वेणी राखणे ही राजनिष्ठेची खूण होती. ती कापणे म्हणजे बंड. शाळेतील मुले वेणी ओढून चिडवीत, खेळताना ती आड येई. काहींनी ती कापली. यजमान कुटुंबाबरोबर रविवारी चर्चमध्ये जाणे तर रोजच्या राहणीचाच भाग होता. काहींनी तो धर्म मनाने स्वीकारला. चिनी सरकारने नेमलेले देखरेख अधिकारी वू त्झू-तेंग यांनी हे पाहिले. मुले आपल्यापुढे रीतीप्रमाणे गुडघे टेकून वंदन करीत नाहीत, यावरून ते भडकले असेही सांगतात. त्यांनी वर कळविले की ही मुले आता चिनी उरलेली नाहीत, परतली तरी राज्याच्या उपयोगाची राहणार नाहीत.

युंग विंगच्या चाहत्यांनी या वू महाशयांना खलपुरुष ठरविले आहे. आम्ही आयुष्यभर अहवाल लिहिले आणि वाचले. आम्हांस त्यांच्याविषयी एवढे कठोर होता येत नाही. त्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. मुले खरोखरच बदलली होती. चूक त्यांच्या डोळ्यांची नव्हती, अनुमानाची होती. वेणी गेली म्हणजे देश गेला असे त्यांनी धरले.

परंतु दोष एकट्या पेकिंगचा मानला तर अमेरिकेस फार स्वस्तात सोडल्यासारखे होईल. १८६८ च्या बर्लिंगेम तहान्वये अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक शिक्षणसंस्था चिनी प्रजाजनांना खुल्या राहतील असे वचन होते. त्या भरवशावर, काही मुलांना लष्करी व नाविक अकादमीत प्रवेश मिळावा अशी विनंती करण्यात आली. आधुनिक लष्करी विद्या हा तर ली हुंग-चांग यांच्या आस्थेचा मुख्य विषय. वॉशिंग्टनने नकार दिला. इकडे कॅलिफोर्नियात चिनी मजुरांविरुद्ध दंगे व चळवळी चालूच होत्या. ज्या देशात आपल्या मजुराला दगड मारतात आणि आपल्या विद्यार्थ्याला दार लावतात तेथे मुले कशासाठी ठेवावयाची, असा प्रश्न पेकिंगमध्ये विचारला गेला असेल तर त्यास उत्तर देणे अवघड होते. हार्टफर्डमध्ये मात्र धावपळ उडाली. पाद्री जोसेफ ट्विचेल आणि त्यांचे शेजारी, प्रख्यात लेखक मार्क ट्वेन, यांनी माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना गाठून ली हुंग-चांग यांना पत्र लिहावयास लावले. येलचे अध्यक्ष नोआ पोर्टर यांच्या पुढाकाराने शिक्षणतज्ज्ञांचे निवेदनही गेले. त्याने निर्णय काही काळ पुढे गेला, एवढेच. १८८१ च्या उन्हाळ्यात परतीचा हुकूम सुटला. पंधरा वर्षांची योजना नऊ वर्षांत गुंडाळली गेली. तोवर अवघ्या दोघांची पदवी हाती आली होती. जहाजाची वाट पाहत असता ओकलंडच्या संघाने या मुलांना बेसबॉलचे आव्हान दिले आणि मुलांनी त्यांना हरविले, ही त्यांच्यातल्याच एकाने पुढे सांगितलेली आठवण आहे. दुसऱ्याच वर्षी, मे १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा केला. विद्यार्थी व व्यापारी त्यातून वगळलेले असले तरी बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिन्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, आणि तो कायदा १९४३ पर्यंत पुस्तकात राहिला.

मुले शांघायला उतरली तेव्हा स्वागतास नातलग नव्हते, शिपाई होते. एका बंद पडलेल्या शाळेच्या कोंदट इमारतीत त्यांना ठेवण्यात आले. हुआंग काइ-च्या याने बार्टलेटबाईंना लिहिलेल्या पत्रात त्या दिवसांचे वर्णन आहे. मग त्यांची वाटणी झाली. कोण काय शिकला हे कोणी विचारले नाही; तारखाते, नौदल, खाणी असे जेथे माणूस हवे तेथे नेमणूक. येलमध्ये स्थापत्यशास्त्राची पदवी घेतलेला झान त्यन-यो फूचौच्या नाविक शाळेत गेला. काहीजण १८८४ साली फ्रेंचांशी झालेल्या फूचौच्या लढाईत धारातीर्थी पडले. ज्यांच्या राजनिष्ठेविषयी अहवाल गेले होते तेच हे तरुण.

झानला रेल्वेचे काम मिळाले ते १८८८ साली, म्हणजे परतल्यावर सात वर्षांनी. १९०५ मध्ये पेकिंग ते कालगन ही सुमारे दोनशे किलोमीटरची लोहमार्गाची बांधणी त्याच्याकडे आली. परकी अभियंते न घेता चिन्यांनी बांधलेला हा पहिला महत्त्वाचा मार्ग. महाभिंतीजवळच्या खड्या चढावर गाडी सरळ जाईना, तेव्हा त्याने लोहमार्ग नागमोडी वळवून गाडी एकदा पुढून व एकदा मागून ओढण्याची युक्ती योजिली, आणि पादालिंगजवळ हजार मीटरहून लांब बोगदा खणला. आपल्या खंडाळ्याच्या घाटात पूर्वी गाडी उलट फिरविण्याचे स्थानक होते, हे वडीलधाऱ्यांस आठवत असेल; तत्त्व तेच. १९०९ मध्ये मुदतीपूर्वीच मार्ग सुरू झाला. त्याच तुकड्यांतील तांग शाओ-यी १९१२ साली प्रजासत्ताक चीनचे पहिले पंतप्रधान झाले. लियांग चेंग हे राजदूत होऊन वॉशिंग्टनला गेले. त्यांच्याकडे आता वळू.

१९०० च्या बॉक्सर उठावानंतर परकी सत्तांनी चीनवर पंचेचाळीस कोटी टेल चांदीची खंडणी लादली. अमेरिकेच्या वाट्यास सुमारे अडीच कोटी डॉलर आले, आणि हा आकडा प्रत्यक्ष नुकसानीहून बराच फुगलेला होता. लियांग चेंग यांनी या गोष्टीचा चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर १९०८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने एक कोटीहून अधिक रक्कम सोडून दिली. ती चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकविण्यासाठी खर्च होऊ लागली. १९०९ मध्ये सत्तेचाळीस विद्यार्थी गेले, आणि १९११ मध्ये त्यांच्या पूर्वतयारीसाठी पेकिंगला छिंगह्वा विद्यालय निघाले. त्याचे पहिले अध्यक्षही हार्टफर्डच्याच मुलांपैकी होते. अमेरिकन ग्रंथांत या परतफेडीचे औदार्य म्हणून वर्णन असते. जास्त घेतलेले पैसे परत करणे यास आमच्या खात्यात औदार्य म्हणत नाहीत, हिशेबाची दुरुस्ती म्हणतात. पण हेही खरे की इतर सत्तांना त्या वेळी तेवढीही दुरुस्ती सुचली नव्हती.

या पैशावर १९१० साली गेलेल्या सत्तर जणांत हू शिः हा तरुण होता. कॉर्नेलला तो शेतकी शिकावयास गेला आणि कोलंबियात जॉन ड्यूई यांच्याजवळ तत्त्वज्ञान शिकून परतला. वाङ्मय बोलभाषेत लिहावे, मृत झालेल्या अभिजात भाषेत नव्हे, या चळवळीचा तो अग्रणी ठरला. पुढे १९३८ ते १९४२ तो अमेरिकेत चीनचा राजदूत होता. स्वतः ड्यूई १९१९ मध्ये चीनला गेले ते दोन वर्षांहून अधिक राहिले, आणि हू शिः त्यांची व्याख्याने चिनीत उलगडून सांगत असे.

ड्यूई हे अपवाद होत. आमच्या विषयातील दुखरी जागा येथे आहे. चिनी मुले अमेरिकेस गेली ती अमेरिका समजून घेण्यास. चीन समजून घ्यावयास अमेरिकन मुले गेली किती? १८७९ साली हार्वर्ड विद्यापीठाने निंगपोहून को कुन-हुआ या पंडितास चिनी शिकविण्यासाठी तीन वर्षांच्या करारावर आणविले. गृहस्थ बायकामुलांसह आले, दरबारी पोशाखात शिकवीत, कविता करीत. शिष्य मिळाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतील एक तर लॅटिनचा वयस्क प्राध्यापकच होता. करार पुरा होण्यापूर्वी, १८८२ च्या फेब्रुवारीत, को न्यूमोनियाने वारले. त्यांनी आणलेली पुस्तके तेवढी राहिली आणि तेथील प्रसिद्ध चिनी ग्रंथालयाचा पाया ठरली. त्याच हार्वर्डला पुढे १९१० साली गोव्याचे धर्मानंद कोसंबी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले होते, हे आपणांस स्मरत असेल.

पैशाने व करारांनी जे साधले नाही ते कधीकधी मैत्रीने साधले. लियांग स्स-छेंग आणि लिन हुइ-यिन हे जोडपे फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकले. तेथील स्थापत्यविभाग स्त्रियांना घेत नसे, म्हणून लिनबाईंनी ललितकलेची पदवी घेतली आणि स्थापत्याचे वर्ग केले; स्थापत्याची पदवी त्यांना मरणोत्तर, २०२४ साली देण्यात आली. १९२४ साली रवीन्द्रनाथ पेकिंगला गेले तेव्हा दुभाषेपण करणाऱ्यांत याच बाई होत्या. हे दांपत्य परतल्यावर गावोगाव हिंडून जुनी लाकडी देवळे मोजू लागले. १९३२ मध्ये जॉन फेअरबँक आणि विल्मा हे तरुण अमेरिकन दांपत्य चिनी शिकावयास पेकिंगला आले, आणि दोन्ही घरांची गट्टी जमली. फेअरबँक यांना चिनी नाव दिले ते लियांग यांनीच. जपानच्या आक्रमणानंतर लियांग कुटुंब सेचुआनच्या एका खेड्यात जाऊन राहिले, लिनबाई क्षयाने अंथरुणास खिळल्या. फेअरबँक १९४२ मध्ये तेथवर त्यांना भेटावयास गेले. याच दारिद्र्यात लियांग यांनी चिनी स्थापत्याच्या इतिहासाचा इंग्रजी ग्रंथ लिहिला.

मग १९४९ साली दार बंद झाले. त्यापूर्वी दोनच वर्षे, नोव्हेंबर १९४७ मध्ये, अमेरिकेने फुलब्राइट शिष्यवृत्तीचा जगातील पहिला करार केला होता तो चीनशी. तो तेथेच थांबला. या बंद दाराने काय केले त्याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे छ्यन श्युए-सेन. खंडणीच्या त्याच शिष्यवृत्तीवर १९३५ मध्ये गेलेला हा तरुण कॅलिफोर्नियात अग्निबाणशास्त्राचा अव्वल तज्ज्ञ झाला, युद्धात अमेरिकन सैन्याच्या कामी आला, १९४९ मध्ये त्याने नागरिकत्वासाठी अर्जही केला. १९५० मध्ये तो कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्याची सुरक्षा-मंजुरी काढून घेतली; तो जाऊ म्हणाला तर जाऊ देईनात. पाच वर्षे नजरेखाली ठेवून १९५५ मध्ये त्याला चीनला धाडले. तेथे त्याने चीनचा क्षेपणास्त्र-कार्यक्रम उभारला. १८८१ मध्ये चीनने आपली माणसे ‘अमेरिकन झाली’ म्हणून परत नेली. सत्तर वर्षांनी अमेरिकेने अमेरिकन होऊ पाहणाऱ्याला ‘चिनी आहे’ म्हणून हाकलले. वू त्झू-तेंग यांचा अहवाल जणू दुसऱ्या भाषेत पुन्हा लिहिला गेला.

१९७८ च्या जुलैत अमेरिकेचे विज्ञान-सल्लागार फ्रँक प्रेस बीजिंगला गेले असता तंग श्याव-फिंग यांनी विद्यार्थी पाठविण्याचा प्रश्न काढला. प्रेस यांनी अपरात्री राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना झोपेतून उठवून विचारले, चीनला पाच हजार विद्यार्थी पाठवावयाचे आहेत, काय सांगू? एक लाख पाठवा म्हणून सांग, असे आपण उत्तर दिल्याचे कार्टर पुढे सांगत असत. डिसेंबरच्या अखेरीस बावन्न जणांची पहिली तुकडी निघाली. बहुतेक तिशी-चाळिशीतले, कारण सांस्कृतिक क्रांतीने एक पिढीच शिक्षणाला मुकली होती.

कार्टर यांचा लाख पुढे मागे पडला. २०१९-२० मध्ये अमेरिकेत पावणेचार लाखांच्या घरात चिनी विद्यार्थी होते. त्यानंतर संख्या उतरली. २०२३-२४ मध्ये ती दोन लाख सत्याहत्तर हजारांवर आली आणि त्या वर्षी भारतीय विद्यार्थी तीन लाख एकतीस हजारांवर जाऊन पहिल्या क्रमांकावर आले. आपल्या घरांतील मुले त्यांत आहेत. २०२० मध्ये अमेरिकेने चीन व हाँगकाँगपुरती फुलब्राइट योजना बंद केली. २०२५ च्या मे महिन्यात चिनी विद्यार्थ्यांचे परवाने रद्द करण्याची घोषणा झाली आणि ऑगस्टात राष्ट्राध्यक्ष म्हणाले, सहा लाख येऊ द्यात. वीस वर्षांच्या मुलाने यातून काय बोध घ्यावा?

उलट दिशेचा आकडा आम्हांस अधिक चिंताजनक वाटतो. २०१८-१९ मध्ये अकरा हजारांवर अमेरिकन विद्यार्थी चीनमध्ये शिकत होते. २०२२-२३ मध्ये पाचशेसुद्धा नव्हते. महामारीचा त्यात वाटा होता, हे मान्य. तरीही को पंडितांचा वर्ग रिकामा होता तो महामारीमुळे नव्हे.

युंग विंगचे उत्तरायुष्य सांगावयाचे राहिले. १८५२ मध्ये मिळालेले त्याचे अमेरिकन नागरिकत्व १८९८ मध्ये ग्राह्य नाही असे ठरविण्यात आले. चीनमध्ये सुधारकांशी संबंध म्हणून त्याच्या जिवास धोका, अमेरिकेत नागरिक नाही. १९०२ मध्ये मुलाचा येलमधील पदवीदान समारंभ पाहावयास तो कसाबसा परतला आणि १९१२ मध्ये हार्टफर्डलाच वारला. त्याने १८७८ मध्ये येलला दिलेला चिनी ग्रंथांचा संग्रह तेथे आजही आहे.

लियांग यांच्या ग्रंथाची आकृतिचित्रे १९४७ मध्ये अमेरिकेत राहिली होती. दहा वर्षांनी त्यांनी ती परत मागितली. थेट टपाल जाईना, म्हणून पुडके इंग्लंडमधील एका चिनी विद्यार्थ्याकडे धाडले. ते बीजिंगला पोचलेच नाही. लिनबाई १९५५ मध्ये गेल्या होत्या, लियांग १९७२ मध्ये गेले. १९७८ मध्ये विल्माबाईंना हे कळले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीजवळ होते. त्यांनी पत्रांवर पत्रे लिहून माग काढला आणि १९८० मध्ये ते पुडके सिंगापूरला सापडले. चित्रे बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात पोचली, आणि विल्माबाईंनी संपादित केलेला मूळ इंग्रजी ग्रंथ १९८४ मध्ये अमेरिकेत छापला गेला.